तेरा वर्षांची आहे, कविता लिहिते. खरं मत सांगाल का?

केवडा
नमस्कार. हे खातं माझ्या मावशीचं आहे. तिला विचारूनच लिहितेय, ती शेजारीच बसली आहे. मी आठवीत आहे आणि गोव्यात डिचोली तालुक्यात राहते.

मला कविता लिहायला आवडतात, एक वही भरत आलीय. अडचण अशी आहे की मी कुणालाही कविता दाखवली की सगळे "छान" म्हणतात. आजी म्हणते, बाई म्हणतात, मैत्रीण तर वही हातात घ्यायच्या आधीच म्हणते. एका स्पर्धेत भाग घेतला होता. तिथे परीक्षक म्हणाले, सर्वच स्पर्धक उत्तम, आणि सगळ्यांना सारखी प्रमाणपत्रं दिली. माझ्या कवितेबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून खरं सांगाल असं वाटतं. ही कविता आहे का? कुठे चुकतं? मी लिहीत राहू का?

पाऊस आला

पाऊस आला, पाऊस आला,
हिरवा शालू धरतीला ल्याला,
मेघ गरजती, मोर नाचती,
आनंद झाला चराचराला.

थेंब टपोरे जणू की मोती,
मनात माझ्या फुलली नाती,
ट्रक बाबांचा उभा अंगणी,
टायरखाली रुजली पाती.

निसर्ग अमुचा देव खरा,
वाहतो तो प्रेमाचा झरा,
झाडे लावा, झाडे जगवा,
मानवा आता तरी सुधरा!

निळाई
खूप छान! लिहीत राहा. 🌧️

सोलकढी
वा! आठवीत असताना मला निबंध लिहितानाही घाम फुटायचा. मस्त गो!

पुणेरी_पगडी
वरच्या दोघांनी तिची विनंती वाचलेली दिसत नाही. तिला "छान" नको आहे.

मी स्पष्ट लिहितो. हिरवा शालू, मोत्यांसारखे थेंब, नाचणारे मोर, प्रेमाचा झरा. यातलं तुझं काय आहे? हे सगळं पाठ्यपुस्तकांतून आणि फलकांवरून आलेलं आहे. शेवटचं कडवं तर वनमहोत्सवाची घोषणा आहे. "धरतीला शालू ल्याला" हे व्याकरणातही बसत नाही, शालू धरती ल्याली असं हवं. कविता म्हणून हे अजून झालेलं नाही. लिहीत राहायचं की नाही हे दुसऱ्याला विचारायचं नसतं. ज्याला लिहायचं असतं तो लिहितोच.

शाळाबाई
पगडी, तुम्ही तेरा वर्षांच्या मुलीशी बोलताय याचं भान ठेवा. मी बरीच वर्षं पाचवी ते आठवीला मराठी शिकवते. या वयात मुलं ऐकलेलंच लिहितात, आणि ते स्वाभाविक आहे. भाषा आधी कानातून येते, मग हातातून. हिरवा शालू पहिल्यांदा लिहिणाऱ्या मुलीला तो नवाच असतो. तुमच्या प्रतिसादानंतर एखादं मूल वही मिटून टाकेल.

पुणेरी_पगडी
बाई, ती वही मिटेल असं मला वाटत नाही. जिने "माझ्या कवितेबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही" असं लिहिलं, तिला बोलणारी माणसं हवी आहेत. मी प्रत्येक ओळ वाचून लिहिलं. न वाचता टाळ्या वाजवणं मला जास्त निर्दय वाटतं.

शाळाबाई
कौतुकाने मुलं बिघडतात हा समज चुकीचा आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं. तिथे त्र्यंबक ठोंबरे नावाच्या जेमतेम सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला भर सभेत "बालकवी" म्हटलं. त्या शाबासकीने त्या मुलाचं नुकसान झालं का?

पुणेरी_पगडी
हेच तर म्हणतोय. तिथे त्यांनी आधी कविता ऐकली, मग नाव दिलं. सगळ्या स्पर्धकांना सारखी प्रमाणपत्रं वाटली नाहीत.

केवडा
मी वही मिटली नाही. 🙂 पगडीकाका, शालूचं व्याकरण कळलं. मावशी म्हणाली की तुम्ही रागीट आहात, पण मला राग आला नाही. शेवटचं कडवं मी स्पर्धेसाठी जोडलं होतं. संदेश असला की गुण मिळतात असं सगळे सांगतात. बाई, तुम्हालाही थँक्यू.

पण एक विचारते. सगळंच पुस्तकातलं आहे का? एकही ओळ माझी नाही?

पोफळी
आहे ना. दोन आहेत.

"ट्रक बाबांचा उभा अंगणी, टायरखाली रुजली पाती." मी कविता भरभर वाचत खाली येत होते आणि इथे थांबले. परत वर जाऊन वाचली. मोत्यांच्या आणि नात्यांच्या ओळीनंतर अचानक अंगणात एक खराखुरा ट्रक उभा राहिला. तो बऱ्याच काळापासून हललेला नाही हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस, तरी मला कळलं, कारण चालत्या ट्रकच्या टायरखाली गवत रुजत नाही. पाऊस सगळीकडे हिरवळ आणतो म्हणून आपण आनंदी होतो, आणि तुझ्या अंगणात तीच हिरवळ काहीतरी बंद पडल्याची खूण झाली आहे. पहिल्या कडव्यात "आनंद झाला चराचराला" म्हणतेस, आणि तीन-चार ओळींवर ती गोष्ट खोटी पाडतेस. मला तर वाटतं तुझी कविता तिथे सुरू होते.

माझं माहेर डिचोलीजवळच्या साखळीचं, म्हणून कदाचित मला लगेच दिसलं. आमच्या वाड्यावरही असे ट्रक उभे होते. पण डिचोली कुठे आहे हे माहीत नसलेल्या वाचकालाही त्या दोन ओळी पोचतील असं मला मनापासून वाटतं.

बाकीच्या ओळी वाईट नाहीत, त्या फक्त कुणीही लिहिल्या असत्या अशा आहेत. या दोन तूच लिहू शकत होतीस.

उनाड_वारा
पोफळीताईंना +१. तोच ट्रक मलाही दिसला. आणि म्हणूनच सांगतो मुली, ते यमक सोडून दे. मोती-नाती-पाती जुळवण्याच्या नादात बाकी सगळी कविता वाहून गेली आहे. मुक्तछंदात लिही. जे दिसतं ते सरळ लिही.

केवडा
पोफळीमावशी, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. पण एक खरं सांगू का? ती ओळ मी यमकासाठीच घातली होती! मोती आणि नाती झाल्यावर "ती"ने संपणारा आणखी एक शब्द पाहिजे होता. माती, भिंती, वाती असं म्हणत बसले होते. मग पाती सुचली. पाती कुठे दिसते म्हणून खिडकीतून बघितलं तर ट्रकच्या टायरखाली होती. मी बाबांच्या ट्रकवर कविता लिहायची असं काही ठरवलं नव्हतं.

मग ती ओळ माझी झाली का?

मात्रावृत्त
तुझीच झाली, बाळ. अगदी पुरती तुझी. आणि उनाड_वारा, बघा बरं, तुम्ही ज्याला वाहून जाणं म्हणता त्याच यमकाने तिला खिडकीपर्यंत नेलं. यमक नसतं तर तिने थेंबाला मोती म्हणून वही मिटली असती. मनात आधीपासून असलेलंच लिहायचं, तर माणूस तेच ते लिहीत राहतो. यमक अडवतं, आणि अडल्यामुळे आजूबाजूला बघावं लागतं. कविता जुळवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो.

आता मात्रांचं बघू, कारण तुझा कान चांगला आहे आणि ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. जोडाक्षराचा आघात आधीच्या ह्रस्व अक्षरावर येत असेल तर त्याच्याही दोन. म्हणजे "निसर्ग" मधल्या "स"च्या दोन. आता मोज:

ट्रक बाबांचा (८) उभा अंगणी (८)
टायरखाली (८) रुजली पाती (८)

आठ-आठ मिळून सोळा. याला पादाकुलक म्हणतात. "मनात माझ्या फुलली नाती" हीसुद्धा आठ-आठ. "मेघ गरजती, मोर नाचती" आणि "झाडे लावा, झाडे जगवा" याही चोख बसतात. "जणू की मोती" मध्ये एक मात्रा जास्त आहे, "जणु की मोती" केलंस की झालं. कवितेत तेवढी सूट असते. म्हणजे दुसरं कडवं जवळजवळ निर्दोष आहे, आणि ते तू न मोजता लिहिलंस.

गडबड पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यात आहे. "पाऊस आला, पाऊस आला" या नऊ-नऊ मात्रा होतात. "निसर्ग अमुचा देव खरा" मध्ये आठ आणि सहा. मोठ्याने म्हणून बघ, "खरा"पाशी पाय पायरी चुकल्यासारखा पडतो. "वाहतो तो" मध्ये तर दुसरा "तो" फक्त जागा भरायला आला आहे. असे भरीचे शब्द सापडले की समजावं, त्या ओळीत आपल्याला काही सांगायचं नव्हतं.

उनाड_वारा
मात्रावृत्त, या वेळी यमकाने खिडकी दाखवली हे मान्य. पण त्याच यमकाने "मनात माझ्या फुलली नाती" ही ओळही दिली, आणि मनात नाती फुलणं म्हणजे काय हे कविता लिहिणारीलाही सांगता येणार नाही. केवडा, तूच सांग, येतं का?

केवडा
नाही येत. 😅

सोलकढी
मोरांबद्दल बोलू का? आम्ही पेडण्याचे. आमच्या शेतात मोर नाचताना क्वचित दिसतात, शेंगा खाताना रोज दिसतात. माझे सासरे काठी घेऊन मागे धावतात आणि मोर कुंपणावर बसून त्यांच्याकडे बघतो. त्या मोरावर कुणीतरी कविता लिहा हो!

पोफळी
सोलकढी, हसून हसून पुरेवाट झाली! पण किती कामाचं बोललात. केवडा, तू मोर बघितला आहेस का? बघितला असशील तर तो काय करत होता?

केवडा
आमच्या काजूच्या बागेत येतात. एकदा एक मोर आमच्या पत्र्यावर चालत होता. नखांचा आवाज येत होता आणि आजी आतून ओरडली, कोण चढलंय बघा गो!

पुणेरी_पगडी
हे लिही. ताबडतोब.

खाणवाला
मी कवितेतला माणूस नाही, बायकोने धागा दाखवला. डिचोलीच्या ट्रकचं वाचलं म्हणून लिहितो. माझेही दोन ट्रक होते, खाणीतलं लोहखनिज वाहायचे. बाहेरच्या लोकांना कळावं म्हणून सांगतो. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. पुढे वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, तोवर अनेकांचे हप्ते थकले होते. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून परत सगळं ठप्प. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत घराघरांत ट्रक उभे राहिले. ट्रक उभा ठेवला तरी त्याचं काही ना काही जातच असतं. बॅटरी जाते, रबर कडक होतं, टप गंजतो. विकायला काढला तर सगळेच विकायला काढतात, मग भाव कुठला मिळणार.

ती गवताची ओळ वाचून मी थोडा वेळ काही बोललो नाही. पोरीने बरोब्बर बघितलंय.

मिरग
खाणवाले, दुसरी बाजूही आहे हो. आमची शेतं लाल गाळाने भरली, विहिरी आटल्या. ट्रकांच्या रांगांत रस्त्यावर माणसं मेली, धुळीने मुलं खोकत होती. खाणी बंद झाल्या तेव्हा आम्ही कित्येक वर्षांनी पांढरे कपडे बाहेर वाळत घातले.

खाणवाला
तेही खरंच आहे. नाकारत नाही. पण ज्यांनी करोडो कमावले त्यांच्या अंगणात गवत उगवलं नाही.

संपादक
खाणींवर आधीचा मोठा धागा आहे, ती चर्चा तिथे न्यावी ही विनंती. इथे कवितेवर बोलू.

शिवाय दोन सूचना. केवडा, तालुका सांगितलास तेवढं पुरे. शाळेचं, वाड्याचं, घरातल्या कुणाचं नाव लिहू नकोस. सदस्यांनी या खात्याला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नये. जे सांगायचं ते इथेच, सगळ्यांसमोर. मावशींशी आमचं बोलणं झालं आहे.

दर्याकाठ
गो चेडवा, घरी तू कोकणीच उलयतलीस न्हय? मग कोकणीत कित्याक बरयना, का लिहीत नाहीस? अंगणातला ट्रक, पत्र्यावरचा मोर, ओरडणारी आजी, हे सगळं तुझ्याकडे कोकणीत घडतंय. तू आधी मनातल्या मनात भाषांतर करतेस आणि मग लिहितेस, म्हणून शालू आणि चराचर येतात.

पुणेरी_पगडी
आता भाषावाद सुरू. संपादक!

दर्याकाठ
वाद नव्हे हो पगडी, मनापासून सांगतोय. आपले कवी बा. भ. बोरकर दोन्ही भाषांत लिहीत होते आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना कोकणी संग्रहासाठी मिळाला. मराठी सोड असं म्हणत नाही. एक कविता कोकणीत लिहून बघ, कान उघडेल.

केवडा
घरी कोकणीच बोलतो. पण माझी प्राथमिक शाळा मराठी आणि वाचते ती पुस्तकं मराठी. कविता मनात येते ती मराठीतच येते, भाषांतर होत नाही. पण आजी आली की ती कोकणीत बोलते. म्हणजे मराठी कवितेत आजी कोकणीत बोलली तर चालेल का?

पोफळी
चालेल, धावेल!

मिरग
माझी आई फुगडीची गाणी म्हणते, पौषात धालोंचा नाच असला की मांडावर बायकांबरोबर उभी राहते. त्या गाण्यांत कितीतरी ठिकाणी मराठी आणि कोकणी एका ओळीत नांदतात, कुणाला अडत नाही. केवडा, तुझ्या गावात धालो असतील तर जा. मात्रावृत्त सांगतात ते आठ-आठ तिथे पायांत मिळेल. एक रांग पुढे येते, मागे जाते, मग दुसरी रांग तीच ओळ उचलते. भरीचा शब्द असला तर पाऊल लगेच चुकतं.

मात्रावृत्त
मिरग, फार मोलाचं सांगितलंत. पुस्तकातून वृत्त शिकणाऱ्यांना हे मिळत नाही.

शाळाबाई
एक काळजी बोलून दाखवते. आपण सगळे मिळून त्या ट्रकच्या ओळीवर तुटून पडलो आहोत. तिला उद्या असं वाटू नये की घरातलं दुःख लिहिलं तरच ती कविता. मुलं फार लवकर ओळखतात की मोठ्यांना काय आवडतं. आत्तापर्यंत संदेशाला गुण मिळतात म्हणून संदेश जोडत होती, आता ओलावा आणायला ट्रक जोडेल. शिवाय ती बाबांची गोष्ट आहे. त्यांना विचारल्याशिवाय ती जगासमोर मांडावी का?

पुणेरी_पगडी
बाई, पहिल्या मुद्द्याला पूर्ण सहमत. केवडा, ट्रकची ओळ चांगली आहे ती तू खिडकीतून बघितलंस म्हणून. त्यात दुःख आहे की नाही हा भाग वेगळा. पत्र्यावरच्या मोराची नखंही तितकीच चांगली आहेत, आणि त्यात दुःख काहीच नाही.

उनाड_वारा
पगडी आणि बाई सहमत! हा धागा जपून ठेवा.

पोफळी
बाबांना विचारण्याबद्दल बाईंना माझाही दुजोरा. आणि केवडा, घाई नको. बोरकरांचा पहिला संग्रह आला तेव्हा तेसुद्धा विशीला टेकले होते. तुझ्याकडे भरपूर वेळ आहे. तोवर वाच. पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात कधी गेली आहेस का? १८३२ पासूनचं ग्रंथालय आहे, मराठी कवितांची कपाटंच्या कपाटं आहेत. मावशीला सांग, एका शनिवारी घेऊन जा म्हणून. कोणते कवी वाचू असं विचारत बसू नको. कपाटापुढे उभी राहा, काढ, दोन पानं वाच, नाही आवडलं तर परत ठेव. चार-पाच पुस्तकांनंतर एक असं निघेल की ते ठेववणार नाही.

केवडा
सगळ्यांना थँक्यू. मी तिसरं कडवं काढलं आणि पहिलंपण काढलं. मग दुसऱ्यातल्या दोनच ओळी उरल्या. त्यांच्यापुढे लिहिलं. मात्रा बोटांवर मोजल्या, मावशीने पण मोजल्या.

ट्रक बाबांचा उभा अंगणी,
टायरखाली रुजली पाती,
बाबा येता-जाता त्याच्या
काचेवरची पुसती माती.

पावसात तो दिसे नवासा,
ओहळ तांबुस वाहत जातो,
आई म्हणते, विकून टाका,
भात ताटचा तसाच ऱ्हातो.

नाव सुचलं नाही. बाबांना अजून दाखवली नाही. आज रात्री दाखवते. ते नको म्हणाले तर संपादककाका, काढून टाकाल ना?

संपादक
शब्द दिला. एक ओळ लिही, लगेच काढतो.

खाणवाला
बायकोने वाचून दाखवली. "विकून टाका" हे आमच्याकडे रोजचं होतं.

पुणेरी_पगडी
मी पहिल्या प्रतिसादात लिहिलं होतं की कविता म्हणून हे अजून झालेलं नाही. आता झालं आहे. "नवासा" थोडा सैल वाटतो, दुसरं काही मिळतं का बघ. शेवटच्या दोन ओळींत मधलं काहीच सांगितलं नाहीस. आई बोलली आणि भात तसाच राहिला. कोण उठलं, का उठलं, सगळं वाचकावर सोडलंस. हे कुणी शिकवलं तुला?

केवडा
कुणीच नाही. तसंच झालं होतं.

मात्रावृत्त
मोजलं. सगळ्या ओळी आठ-आठ. "राहतो"ची मात्रा एक जास्त होत होती म्हणून "ऱ्हातो" केलंस, जुने कवीही तेच करत. "त्याच्या" वर ओळ तोडून अर्थ पुढच्या ओळीत नेलास, ते धाडस आवडलं. जातो-ऱ्हातो हे यमकही स्वच्छ आहे.

उनाड_वारा
मुक्तछंदवाला म्हणून कबूल करतो, इथे यमक जाणवतच नाही, इतकं ते बोलण्यात मिसळलं आहे. माझा आग्रह मागे.

निळाई
मी पहिल्या दिवशी "खूप छान" लिहून गेले होते. आज सगळा धागा वाचला. मला दुसऱ्या कडव्यातली पहिली ओळ सगळ्यात आवडली. पावसाने धुतलेला ट्रक नवा दिसतो, तेवढ्या वेळेपुरता बाबांनाही तो परत चालेल असं वाटत असेल. "नवासा" राहू दे, पगडींचं ऐकू नको.

शाळाबाई
बाबा काय म्हणाले?

केवडा
बाबांनी मोबाईल हातात घेऊन वाचली. राहू दे म्हणाले. पण एक चूक काढली. म्हणाले, मी काच पुसत नाही, काच पावसाने धुतली जाते. मी बोनेट पुसतो, तिथे काजूच्या झाडाखालचा चिखल उडतो आणि रंग खराब होतो.

आता मी "बोनेटवरची पुसती माती" केलं, पण त्यात पहिल्या भागात नऊ मात्रा होतात. काच खोटी आहे आणि बोनेट बसत नाही. काय करू?

सोलकढी
बाबा तर पगडींपेक्षा कडक परीक्षक निघाले!

उनाड_वारा
बोनेटच ठेव. एक मात्रा गेली तर गेली.

मात्रावृत्त
मात्रा का जाऊ द्यायची? खरंही ठेवू, मात्राही ठेवू. क्रियापद वरच्या ओळीत ने:

बाबा येता-जाता पुसती
बोनेटावर बसली माती.

मोजून बघ, दोन्ही आठ-आठ. पण "त्याच्या" वर ओळ तोडण्यातली गंमत इथे जाते, ते तुला चालेल का ते तू ठरव. कविता तुझी आहे.

केवडा
"बोनेटावर" चांगलं आहे. पण "बसली माती" म्हटलं की ट्रक खूप दिवस तसाच पडलाय असं वाटतं, आणि बाबा तर रोज पुसतात. "उडली माती" केलं तर? उ-ड-ली-मा-ती, आठच होतात. बाबापण "उडतो" म्हणाले होते.

मात्रावृत्त
घे. माझ्यापेक्षा तुझं बरोबर आहे.

केवडा
घेतलं, वहीत शाईने लिहिलं. मोराची कविता पण सुरू केलीय. ती मुक्तछंदात आहे, आजी त्यात कोकणीत ओरडते, आणि शेवट अजून जमत नाही. रविवारी नवीन धागा काढते. पगडीकाका, याल ना?

पुणेरी_पगडी
येतो. रविवारी सकाळी दहाला बघतो.